तपकिरी मेद : माणसातील शोध आणि मोजमाप

तपकिरी मेद (तपकिरी चरबी) : ऊर्जा साठवून न ठेवता ती जाळून उष्णता देणारे मेदऊतक. पोटावर आणि मांड्यांवर साचणाऱ्या पांढऱ्या मेदाच्या पेशीत चरबीचा एकच मोठा थेंब असतो. तपकिरी पेशीत बारीक बारीक अनेक थेंब आणि तंतुकणिकांची (मायटोकॉन्ड्रियांची) दाटी असते; त्यांतल्या लोहामुळे तिला हा रंग येतो. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात यूसीपी-१ नावाचे प्रथिन असते. ज्या प्रोटॉनांच्या ओघावर इतर पेशी एटीपी हे ऊर्जाद्रव्य तयार करतात, तो ओघ हे प्रथिन परस्पर वळवते आणि त्याची उष्णता होते. नवजात बाळाला मोठ्यांसारखे कुडकुडता येत नाही. पाठीत दोन फऱ्यांच्या मधोमध आणि मूत्रपिंडांभोवती असलेला हा मेद त्याला ऊब देतो. मार्मोट या प्राण्यातील अशा ऊतकाचे वर्णन कोनराड गेस्नर याने १५५१ मध्येच केले होते. माणसात मात्र तो बाळपणाबरोबर संपतो, अशी समजूत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकली. फिनलंडमध्ये थंडीत उघड्यावर काम करणाऱ्या कामगारांच्या शवविच्छेदनात तो आढळल्याचे १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले होते, पण तिकडे फारसे कोणी वळले नाही.

पुढचा शोध कर्करोगाच्या तपासणीत, जवळजवळ अडगळ म्हणून लागला. पेट स्कॅनसाठी रुग्णाला एफडीजी हे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोजसदृश द्रव्य टोचतात. जिथे ग्लुकोज जास्त ओढले जाते तो भाग चित्रात उजळतो. काही रुग्णांच्या मानेत आणि गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळगीत दोन्ही बाजूंना सारखेच डाग दिसत. ताठरलेले स्नायू म्हणून ते सोडून दिले जात. पेट आणि सीटी एकाच यंत्रात आल्यावर डागांखाली स्नायू नसून चरबी आहे हे स्पष्ट झाले. २००९ मध्ये बोस्टन, मास्ट्रिख्ट आणि तुर्कू येथील तीन गटांनी एकाच वेळी पुरावा मांडला. बोस्टनच्या गटाने १,९७२ रुग्णांचे जुने स्कॅन पाहिले, तेव्हा स्त्रियांपैकी ७.५ टक्के आणि पुरुषांपैकी ३.१ टक्क्यांत हा मेद दिसला. मास्ट्रिख्टमध्ये २४ तरुण पुरुषांना १६ अंश सेल्सिअसच्या खोलीत ठेवले, तर २३ जणांत दिसला. दोन्ही आकडे खरे आहेत. मधला फरक काहीसा वयाचा, आणि बराचसा खोलीच्या तापमानाचा. कर्करोगाच्या रुग्णाला इंजेक्शननंतर तासभर पडून राहावे लागते आणि वातानुकूलित खोलीत त्याच्या अंगावर पांघरूण घातले जाते, ते याच डागांनी अहवालात घोळ करू नये म्हणून. संशोधकाला नेमके उलटे हवे असते.

म्हणून मापनाआधी गारवा देतात. थंड पाणी खेळवलेले जाकीट घालून तापमान हळूहळू उतरवतात, कुडकुडी सुरू झाली की दोन-तीन अंश वर आणतात आणि तिथे सुमारे दोन तास ठेवतात. कुडकुडणारे स्नायूही ग्लुकोज खातात, त्यामुळे हा काठ सांभाळणे हीच खरी कसोटी. मग सीटीवर चरबीच्या घनतेचा (उणे १९० ते उणे १० हाउन्सफील्ड एकके) आणि पेटवर ठराविक मर्यादेपेक्षा उजळ असलेला भाग मोजतात. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडता यावेत म्हणून २०१६ मध्ये 'बारसिस्ट' ही नियमावली आली. अडचण आणखी एक : एफडीजीतल्या फ्लोरिन-१८ ची क्रियाशीलता दर ११० मिनिटांनी निम्मी होते. मुंबईत भरलेली कुपी पुण्यात पोहोचायला पावणेचार तास लागले, तर पाव हिस्साच उरतो. अशी अल्पायुषी द्रव्ये बनवणारे यंत्र म्हणजे सायक्लोट्रॉन; भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला.

या पद्धतीची मोठी उणीव अशी की तपकिरी मेद प्रामुख्याने स्वतःतली चरबी जाळतो. ग्लुकोज हे त्याचे दुय्यम इंधन. कॅनडातल्या शेरब्रुकच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की टाइप-२ मधुमेहींमध्ये या मेदाचे ग्लुकोज घेणे घटते, पण त्याचे चरबी घेणे आणि ज्वलन घटत नाही. म्हणजे जिथे इन्सुलिनला दाद मिळत नाही, तिथे एफडीजी चालू चूलही विझलेली दाखवते. ज्वलन मोजायचे तर कार्बन-११ चे ॲसिटेट किंवा ऑक्सिजन-१५ वापरावे लागते. ऑक्सिजन-१५ तर सुमारे दोन मिनिटांत निम्मा होतो, त्यामुळे सायक्लोट्रॉन शेजारीच लागतो.

किरणोत्सार टाळणारे दोन मार्ग आहेत. एमआरआय मेदाचे आणि पाण्याचे प्रमाण दाखवते. तपकिरी मेदात पाणी तुलनेने जास्त असते. दुसरा मार्ग अवरक्त कॅमेऱ्याचा, आणि तो चिखली-भोसरी-चाकणच्या कारखान्यांत देखभाल खात्याच्या माणसाला चांगला ठाऊक आहे. पॅनेलमधली सैल जोडणी किंवा तापलेले बेअरिंग तो याच कॅमेऱ्याने हुडकतो. पॅनेलचे दार बंद असेल तर कॅमेऱ्याला दाराचे तापमान दिसते, आतल्या जोडणीचे नाही, हेही त्याला सांगावे लागत नाही. गळपट्टीवरच्या खळगीत हेच होते : त्वचेखालचा पांढरा मेद दाराचे काम करतो. स्थूल माणसाची खळगी थंड दिसली, तर आत तपकिरी मेद नाही की वरचा थर जाड आहे, हे एकट्या चित्रावरून ठरत नाही.

भारतीयांच्या संदर्भात या मोजमापाला वेगळे वजन आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची; म्हणजे इथल्यांचे वजन कमी, स्नायू कमी, पण फऱ्याखालची चरबीची घडी त्या मानाने टिकून. कॅलिपरच्या चिमटीत येते ती त्वचा आणि तिच्याखालचा पांढरा मेद. त्याच पाठीत खोलवर असलेला तपकिरी मेद त्यात सापडत नाही. २०१४ मध्ये लायडेन येथे १२ सडपातळ दक्षिण आशियाई आणि १२ गोऱ्या तरुणांची एफडीजीने तुलना झाली. दक्षिण आशियाईंचा क्रियाशील तपकिरी मेद ३४ टक्क्यांनी कमी भरला. गारव्यात गोऱ्यांचा ऊर्जाव्यय वाढला, यांचा वाढला नाही. मात्र दक्षिण आशियाई तरुण दोन अंश आधीच कुडकुडू लागले होते, त्यामुळे त्यांच्या अंगाभोवतीचे पाणीही त्या मानाने कमीच गार ठेवावे लागले.