नियम रुंदीचा, चाक निमुळते

नांदेड-लातूर भागातल्या जुन्या शिक्षकांनी गावच्या लोहाराला बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिले असेल. लोखंडी धावेचा घेर लाकडी चाकापेक्षा किंचित कमी ठेवायचा, ती गोवऱ्यांच्या जाळात चांगली तापवायची, चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. दीड मीटर व्यासाच्या चाकाला सुमारे ४.७ मीटर घेराची धाव लागते. तापमान ५०० अंश सेल्सिअसने वाढले की हा घेर जवळजवळ पावणेतीन सेंटिमीटरने वाढतो. थंड होताना धाव आकसते व चाकाला आवळून बसते. प्रसरणाचे हे उदाहरण आपण वर्गात नेहमी देतो. पण धावेवर कायदेही झाले होते, हे आपण सहसा सांगत नाही.

अरुंद धावेखाली सगळे वजन थोड्या क्षेत्रफळावर येते. दाब वाढतो आणि कच्च्या रस्त्याला चाकोऱ्या पडतात. इंग्लंडमध्ये याच कारणाने १७५३ साली पथकराच्या रस्त्यांवरील जड मालगाड्यांसाठी कायदा झाला. चाकाचा काठ किमान ९ इंच रुंद हवा, असे त्यात ठरले. रुंद चाक रुळासारखे फिरेल आणि रस्ता दाबून सपाट करील, अशी अपेक्षा होती. पण गाडीवाल्यांना रुंद चाक ओढायला जड वाटे. त्यांनी काठ ९ इंचांचा ठेवला, पण चाक शंकूसारखे निमुळते केले किंवा मधली धाव उंच बसवली. मोजपट्टी लावली तर ९ इंच भरत, जमिनीला मात्र जेमतेम एक पट्टा टेके.

अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७९७ साली याचा शास्त्रीय विचार मांडला. शंकूच्या दोन कडांचे घेर वेगळे असतात, पण फेरे सारखेच होतात. अशा चाकाला सरळ चालवले की त्याचा काही भाग रस्त्यावर घासत जातो. म्हणजे रस्ता वाचवण्यासाठी केलेल्या नियमातून रस्ता दळणारे चाक जन्माला आले! वर्गात निमुळता पेला टेबलावर आडवा ठेवून ढकला. तो सरळ न जाता वर्तुळात फिरतो. त्याला सरळ जायला लावले की कुठे घासते, ते मुलांनीच शोधावे.

हाच प्रकार आपल्या काळात मोटारींच्या एका हौशी खेळात घडला. या खेळाचे नाव ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानात किंवा धावपट्टीवर प्लॅस्टिकचे शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. एका वेळी एकच मोटार सोडतात आणि वेळ मोजतात. अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या स्पर्धेत शंकूला धक्का लागला की दोन सेकंदांचा दंड होतो. रोजच्या वापरातली गाडी घेऊन सामान्य माणसाला भाग घेता यावा, हा या खेळाचा मूळ हेतू.

इथे टायर निर्णायक ठरतो. वळणावर शक्य असलेला कमाल वेग घर्षणांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर घर्षणांक १ असेल तर वेग सेकंदाला १४ मीटर, आणि १.१ असेल तर १४.७ मीटर. फरक पाच टक्क्यांचा. सगळा मार्ग अशा वळणांचाच धरला तर पन्नास सेकंदांच्या फेरीत तो दोन सेकंदांहून अधिक होतो, आणि निकाल तर सेकंदाच्या शतांशावर लागतात! मऊ रबर रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात अधिक शिरते व चांगले धरते, पण लवकर झिजते. ज्याला वरचेवर नवे टायर परवडतात तोच जिंकणार, अशी वेळ आली.

यावर उपाय म्हणून एक तयार आकडा नियमात घेतला गेला. १९६६ च्या अमेरिकी वाहन सुरक्षा कायद्यानुसार टायरची प्रतवारी करायची होती. ती १९७९-८० मध्ये अमलात आली. टेक्सासमधील सॅन अँजेलोजवळ सुमारे ६४० किलोमीटरच्या मार्गावर टायर एकूण साडेअकरा हजार किलोमीटर चालवतात आणि प्रमाण टायरच्या झिजेशी तुलना करतात. प्रमाण टायर १००, तर दुप्पट टिकणारा २००. अंतिम आकडा कंपनीच ठरवून टायरवर छापते. साध्या गाड्यांच्या गटासाठी क्लबने हा आकडा आधी किमान १४० आणि पुढे किमान २०० ठेवला.

मग कंपन्यांची चढाओढ लागली. टायरवर आकडा २००, पण पकड शर्यतीच्या टायरची आठवण करून देणारी! ग्राहकाला टिकाऊपणा कळावा म्हणून काढलेला आकडा आता जिंकण्याचा परवाना झाला होता. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली पैशाच्या धोरणाबाबत असेच निरीक्षण नोंदवले होते. मापालाच लक्ष्य केले की ते माप विश्वासार्ह राहत नाही.

लातूर-नांदेडच्या शिक्षकांना हे फार समजावून सांगायला नको. 'लातूर पॅटर्न' हे शब्द महाराष्ट्रभर पोहोचले, त्यामागे विद्यार्थी-शिक्षकांचे अफाट कष्ट आहेत आणि त्यातून खेड्यापाड्यांतली कितीतरी मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली. पण गुण हे समजेचे माप आहे, समज नव्हे. प्रयोग न करताच प्रयोगवही पूर्ण होते, तेव्हा तिचा काठ ९ इंच भरतो आणि जमिनीला टेकतो तो एक पट्टाच.

म्हणून मापे टाकून द्यावीत असे आम्ही म्हणत नाही. नियम नसता तर हौशी माणूस त्या मैदानातून केव्हाच बाहेर गेला असता. मात्र काठाच्या रुंदीबरोबर रस्त्यावर उमटलेली खूणही पाहावी लागते. पेपर तपासून झाला की एखाद्या मुलाला समोर बसवून विचारावे: धाव आधी तापवली का, आणि मग पाणी का ओतले?