युनिट टेस्ट संथ का होतात आणि वेळ खाणारी टेस्ट शोधायची कशी?

ओटीपी आला, पण तेवढ्यात दाराची बेल वाजली. परत येऊन आकडे टाकले तर ॲप म्हणतं, ‘ओटीपीची मुदत संपली आहे’. मुदत संपल्यावर जुना ओटीपी खरंच बाद होतो का, हे ॲप तुमच्या हाती येण्याआधी तपासावं लागतं. हे काम बरेचदा एक छोटा प्रोग्रॅम करतो. त्याला म्हणतात युनिट टेस्ट.

अशा शेकडो, कधी हजारो टेस्टचा संच म्हणजे टेस्ट सूट. कोड बदलला की प्रोग्रॅमर हा संच चालवून पाहतो आणि जुनं काही बिघडलं नाही ना, याची खात्री करतो. पण हा संचच संथ झाला तर?

संथ म्हणजे किती?

मायकेल फेदर्स यांनी २००४ साली आलेल्या ‘वर्किंग इफेक्टिव्हली विथ लेगसी कोड’ या पुस्तकात कडक निकष दिला आहे. एका युनिट टेस्टला सेकंदाचा दहावा भाग लागला, तरी ती संथ!

ऐकायला अतिरेक वाटेल, पण हिशेब करून बघा. ३,००० टेस्ट आणि प्रत्येकीला ०.१ सेकंद म्हणजे ५ मिनिटं. तेच प्रत्येकीला ०.०१ सेकंद लागला तर काम ३० सेकंदांत संपतं.

दर बदलानंतर ५ मिनिटं थांबायचं म्हटलं की माणूस ‘नंतर चालवू’ म्हणतो. मग दहा बदल साठतात आणि चूक नेमकी कुठल्या बदलात झाली, हे शोधण्यात दिवस जातो. कधी ती चूक थेट लोकांच्या फोनपर्यंत पोहोचते.

कशी शोधायची?

अंदाज बांधत बसू नका, मोजा. बहुतेक टेस्टिंग टूलमध्ये ही सोय आधीच असते.

• पायथनच्या पायटेस्टमध्ये ‘ड्युरेशन्स’ हा पर्याय आहे. त्याला १० हा आकडा दिला की शेवटी सर्वाधिक वेळ घेणाऱ्या दहा नोंदी दिसतात.
• रूबीच्या आरस्पेकमध्ये हेच काम ‘प्रोफाइल’ हा पर्याय करतो.
• जावास्क्रिप्टचं मोका हे टूल ७५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या टेस्टला आपणहून संथ ठरवतं. ही मर्यादा बदलताही येते.

यादी वाचायची कशी?

पायटेस्ट पूर्वतयारी, प्रत्यक्ष टेस्ट आणि नंतरची आवराआवर यांचा वेळ वेगवेगळा दाखवतं. वेळ पूर्वतयारीत जात असेल, तर टेस्ट बिचारी निर्दोष असते. समजा, प्रत्येक टेस्टआधी डेटाबेस नव्याने भरायला ५० मिलिसेकंद लागतात. २,००० टेस्टमागे तिथेच १०० सेकंद गेले, आणि एकही टेस्ट एकटीने संथ दिसणार नाही.

शिवाय सुरुवातीच्या टेस्टवर लायब्ररी लोड होण्याचा भार पडू शकतो. म्हणून दोन-तीनदा मोजा. संशयित टेस्ट एकटी चालवूनही बघा.

वेळ जातो कुठे?

बहुतेकदा वाट पाहण्यात. नेटवर्कवरून उत्तर येण्याची वाट, डेटाबेसची वाट किंवा कोडमध्ये मुद्दाम घातलेला थांबा. ओटीपी ३ मिनिटांनी बाद होतो, हे तपासायला टेस्ट खरोखरच ३ मिनिटं थांबत असेल, तर सगळा संच अडकतो. उपाय सोपा आहे. कोडला खरं घड्याळ न देता नकली घड्याळ द्यायचं आणि त्याचे काटे ३ मिनिटं पुढे सरकवायचे. तपासणी तीच, वेळ मात्र काही मिलिसेकंद.

मग संथ टेस्ट काढून टाकायच्या का?

नाही. खऱ्या डेटाबेसशी किंवा सर्व्हरशी बोलणाऱ्या काही टेस्ट लागतातच. त्यांचा वेगळा गट करा. गूगलमध्ये टेस्टची लहान, मध्यम आणि मोठी अशी विभागणी करतात आणि लहान टेस्टला नेटवर्क वापरायची मुभा नसते. वेगवान टेस्ट प्रत्येक बदलानंतर चालवायच्या, संथ टेस्ट कोड मुख्य शाखेत जाण्याआधी किंवा रोज रात्री सर्व्हरवर.

सुरुवात करायची असेल तर आज फक्त यादीतल्या पहिल्या टेस्टचं कारण शोधा. ते दुरुस्त करून पुन्हा मोजा, आणि मगच दुसरीकडे वळा.