झिजणारी कांडी

विजेचे हातड्रिल रडतखडत चालू लागले, आत निळसर ठिणग्यांचे कडे दिसू लागले व जळका वास सुटला, की मिस्त्री म्हणतो, ‘कार्बन संपला.’ पुस्तके त्याच वस्तूला ‘ब्रश’ म्हणतात. कोळशाच्या चौकोनी कांडीला कुंचल्याचे नाव का, याचा शोध घेतल्यावाचून मला राहवेना. शब्दांची हौस, दुसरे काय!

पूर्वी तो खरोखरच कुंचला होता. फिरत्या कॉम्युटेटरला वीज पोचवण्यासाठी तांब्याच्या तारांची जुडी टेकवीत. तांब्यावर तांबे घासे, ठिणग्या उडत, आणि झीज व्हायची ती महागड्या भागाची. १८८५ साली जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश प्राध्यापकाने तांब्याच्या जागी कार्बन वापरण्याचे पेटंट घेतले. कार्बन मऊ, दुसऱ्याला ओरखडण्याआधी स्वतः झिजतो, वंगणही स्वतःच होतो. वस्तू बदलली, नाव मात्र तसेच राहिले. पुढे दहाच वर्षांनी, १८९५ साली, जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कारखान्यात विजेचे पहिले हातड्रिल तयार झाले.

कांडी आखूड झाली, की मागच्या स्प्रिंगचा दाब अपुरा पडतो. आधी प्लग काढावा, मग कांड्या पाहाव्यात. बदलायच्या त्या दोन्ही एकदम. नव्या घालूनही ते कडे हटले नाही, तर दुखणे आर्मेचरचे, म्हणजे खर्चाचे.

आमच्या आळीतला सुतार तर ड्रिल भंगारात घालायला निघाला होता. मिस्त्रीने दोन कांड्या बदलल्या, काळवंडलेला कॉम्युटेटर पुसला. संध्याकाळी तो सुतार शाळेच्या बाकांना भोके पाडीत होता.