कान्हेरीचे बांधकाम आणि त्याचे कर्ते : नवकर्मिकापासून निविदेपर्यंत

मुंबईच्या उत्तरेस सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे सामान्यतः वन्यजीव आणि महानगर यांच्या सहवासाचे उदाहरण म्हणून चर्चिले जाते. या वनक्षेत्रात दोन हजार वर्षांच्या अवधीत वेळोवेळी मोठी बांधकामे झाली, हे मात्र त्या चर्चेत मागे पडते. डोंगराच्या माथ्यावर कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. एकोणिसाव्या शतकात बांधलेले विहार आणि तुळशी हे तलाव याच क्षेत्रात येतात. विसाव्या शतकात उद्यानाची स्वतःची बांधकामे झाली. प्रत्येक वेळी कुणीतरी बांधणाऱ्यांची नेमणूक केली, कुणीतरी पैसा पुरवला आणि कुणीतरी कामावर देखरेख ठेवली. या नेमणुकीची नोंद कोणत्या भाषेत आणि कोणत्या लेखनप्रकारात झाली, तीत कुणाचे नाव राहिले आणि कुणाचे गळले, हा केवळ स्थापत्येतिहासाचा प्रश्न नाही. तो वाङ्मयेतिहासाचाही प्रश्न आहे.

नवकर्मिक : एक पद आणि त्यामागील कथा

कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे मोठ्या चैत्यगृहात, प्रवेशाजवळ एक खंडित प्राकृत लेख आहे. तो सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील मानला जातो. गजसेन आणि गजमित या दोन व्यापारी बंधूंनी हे चैत्यगृह भद्रायणीय संप्रदायाच्या भिक्षूंसाठी करविले, असा त्याचा आशय आहे. पश्चिम भारतातील दानलेख बहुधा दाता, देय वस्तू आणि प्रतिग्रह करणारा संघ एवढ्यावर थांबतात. हा लेख त्यापुढे जातो. बांधकामावर देखरेख करणाऱ्या भिक्षूंची नावे तो देतो. त्यांत बोधिक याचे नाव विशेष महत्त्वाचे आहे, कारण काम तडीस नेण्याशी त्याचा संबंध जोडलेला आहे. त्यानंतर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे वर्ग येतात.

देखरेख करणाऱ्या या भिक्षूंसाठी आलेला शब्द ‘नवकमिक’ असा आहे. पाली विनयात ‘नवकम्म’ म्हणजे नवे बांधकाम. चुल्लवग्गाच्या सेनासनखंधकात या पदाच्या उत्पत्तीची कथा आहे. वैशालीतील एका गरीब शिंप्याने संघासाठी स्वतःच्या हातांनी वास्तू उभारण्याचे ठरविले. त्याने माती मळली, विटा रचल्या, भिंत उभी केली. पण कसब नसल्यामुळे ती वाकडी झाली आणि कोसळली. असे तीनदा घडले. श्रमण श्रीमंत दात्यांना बांधकामात मार्गदर्शन करतात, आपल्यासारख्या दरिद्री माणसाला मात्र कुणी काही सांगत नाही, अशी त्याने तक्रार केली. त्यावर बुद्धाने नवकर्म एखाद्या भिक्षूकडे सोपविण्याची अनुज्ञा दिली. पुढे याच प्रकरणात मुदतीही ठरविल्या आहेत : लहान विहारासाठी पाच-सहा वर्षे, मोठ्या विहारासाठी किंवा प्रासादासाठी दहा-बारा वर्षे. वीस-तीस वर्षांसाठी अथवा आयुष्यभरासाठी काम सोपविण्यास मनाई आहे.

या कथेत बांधकामावरील अधिकाऱ्याची नेमणूक वैभवातून होत नाही, ती कोसळलेल्या भिंतीतून आणि गरिबाच्या तक्रारीतून होते. पदाचा हेतू उत्तरदायित्व हा आहे, आणि मुदतीचे बंधन त्याच हेतूशी सुसंगत आहे. कान्हेरीच्या लेखातील बोधिकाचे नाव या परंपरेत वाचले म्हणजे त्याचा अर्थ बदलतो. ती केवळ पुण्यात वाटा मिळावा म्हणून केलेली नोंद राहत नाही. काम कुणाच्या हवाली होते, हे ती सांगते.

‘सेलवढकि’ आणि मराठीतील त्याचे गोत

नवकर्मिकांनंतर लेखात ‘सेलवढकि’, ‘कढिचक’, ‘महाकटक’ असे कामगारांचे वर्ग येतात. शेवटी ‘मिठिक’, म्हणजे दगड घासून गुळगुळीत करणारा, खदरकि याचे नाव स्वतंत्रपणे दिलेले आहे. दगडाला अखेरचा हात देणारा कारागीर येथे नावानिशी उभा आहे.

‘सेलवढकि’ हा सामासिक शब्द लक्षणीय आहे. ‘वढकि’ हे संस्कृत ‘वर्धकि’चे प्राकृत रूप. मयमत, मानसार यांसारख्या शिल्पग्रंथांत स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकि अशी चार पदे सांगितली आहेत. बोलींत या शब्दाने सुतार हाच अर्थ टिकविला : विदर्भात ‘वाढई’, छत्तीसगडात आणि उत्तरेकडे ‘बढई’. ‘सेलवढकि’ म्हणजे शब्दशः दगडाचा वाढई. लाकडी वास्तूचे कसब दगडात उतरले, हे लेण्यांविषयीचे कलेतिहासातील प्रसिद्ध विधान या एका समासात भाषिक पुराव्याच्या रूपाने आढळते. कार्ले येथील एका लेखात धेनुकाकट येथील वेणुवासपुत्र सामी या वढकीने द्वार केल्याची नोंद आहे. कान्हेरीचे चैत्यगृह कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या धर्तीवर, पण लहान आकारात कोरलेले असल्याने ही दोन्ही उदाहरणे एकत्र वाचणे योग्य ठरते.

या शब्दावलीचे काही अंश मराठीत सरळ उतरले आहेत. ‘लेण’पासून ‘लेणे’, ‘वानिजक’पासून ‘वाणी’, ‘सुवणकार’पासून ‘सोनार’ ही मालिका परिचित आहे. पाण्याच्या टाक्याला लेखांत ‘पोढी’ म्हटले आहे, आणि सह्याद्रीतील दुर्ग-लेण्यांच्या वर्णनांत हा शब्द अजून वापरला जातो. लोहारासाठी असलेला ‘कमार’ मराठीत टिकला नाही, बंगालीत मात्र ‘कामार’ म्हणून नांदतो आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कोरीव लेखांचा विचार प्रायः पहिल्या मराठी वाक्याच्या शोधापुरता झाला. श्रवणबेळगोळ की अक्षी, या वादात लेखांतील श्रमाची शब्दसंपदा बाजूला राहिली. वाक्य मराठी होण्याच्या कित्येक शतके आधी बांधकामाचा शब्दकोश मराठीच्या वाटेला लागला होता, ही गोष्ट त्यामुळे दुर्लक्षित झाली.

पाणी आणि देखभालीचा निधी

कान्हेरीचे खरे अभियांत्रिकी यश पाण्याच्या व्यवस्थेत आहे. पावसाळ्यानंतर कोरड्या पडणाऱ्या कातळावर बहुतेक विहारांना स्वतःचे टाके आहे. छताच्या आणि उताराच्या कातळावरून वाहणारे पाणी कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत आणलेले आहे. टाक्याचे दान हे स्वतंत्र पुण्यकृत्य मानले जाई. कल्याणच्या सामिदत्त नामक सोनाराने पोढी दिल्याची नोंद प्राकृतात आहे. दुसऱ्या एका टाक्यावरील लेख संस्कृतात आहे. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, ती महाक्षत्रपाची कन्या असल्याचा उल्लेख आणि अमात्य शतेरक याने दिलेले ‘पानीयभाजन’ यांची नोंद आहे. एकाच डोंगरावर एकाच प्रकारच्या बांधकामाला सोनार ‘पोढी’ म्हणतो आणि अमात्य ‘पानीयभाजन’. शक राजकुलाशी झालेल्या संबंधातून संस्कृतची राजभाषा म्हणून वाढलेली प्रतिष्ठा आणि व्यावसायिकांचे प्राकृत यांतील अंतर येथे पाण्याच्या टाक्यावर मोजता येते.

बांधकाम उभे राहिल्यानंतर त्याची निगा कशी राखावी याचाही विचार लेखांत आहे. ‘अक्षयनीवी’ म्हणजे मुद्दल न मोडता उत्पन्नातून खर्च भागविण्याचा निधी. एका लेखात मंगलठाण, म्हणजे आजचे मागाठाणे, येथील शेताचे उत्पन्न संघाला लावून दिले आहे. नवव्या शतकात शिलाहार सामंतांच्या आणि राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातही ही पद्धत चालू होती. शके ७७५ मध्ये गौड देशातून आलेल्या गोमिन् अविघ्नाकराने शंभर द्रम्मांचा निधी ठेवला. पुल्लशक्तीच्या कारकिर्दीतील लेखात दुरुस्ती, वस्त्रे आणि पुस्तके यांसाठी वेगवेगळ्या तरतुदी आहेत. मात्र सर्वच कामे पूर्ण झाली असे नाही. पहिल्या क्रमांकाचे लेणे दर्शनी स्तंभांपलीकडे फारसे गेले नाही, आणि चैत्यगृहातील सर्व स्तंभांवरही सारखे कोरीवकाम झालेले नाही.

नावे वाचता येईनाशी झाल्यावर

लिपीचे ज्ञान लोपल्यावर बांधणाऱ्यांची नावे दगडावर असूनही नाहीशी झाली. त्या रिकाम्या जागेत कथा शिरल्या. सोळाव्या शतकात साष्टी बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. त्यांचा इतिहासकार दियोगो दो कुतो याने कान्हेरीविषयी एक आख्यायिका नोंदविली : एका राजाने आपल्या एकुलत्या एका पुत्राला जगातील दुःखाचे दर्शन घडू नये म्हणून ही वास्तू निर्माण केली. ही उघडच बुद्धचरित्राची छाया आहे. कुतोने तिची सांगड ख्रिस्ती संत जोसाफात याच्या चरित्राशी घातली. जोसाफात हे नावच ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचे अरबी, जॉर्जियन आणि ग्रीक रूपांतरांतून आलेले प्रतिरूप आहे, हे पुढे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या कथेचा प्रवास मोहविणारा आहे. परंतु त्याची किंमतही लक्षात घेतली पाहिजे. दगडावर व्यापारी बंधू, नवकर्मिक, वढकी आणि मिठिक होते. कथेत फक्त राजा आणि राजपुत्र उरले. अनेकांनी वाटून केलेले काम एका राजेच्छेचे फळ झाले. महाराष्ट्रात अन्यत्र लेण्यांचे कर्तृत्व पांडवांना दिले जाते, त्यामागेही हीच प्रक्रिया आहे.

अभियंत्यांचा काळ

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या वाढत्या वस्तीला पाणी अपुरे पडू लागले, तेव्हा याच डोंगरांकडे लक्ष गेले. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० मध्ये पूर्ण झाले. कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या रचनेतही त्याचा हात होता. रिएन्झी वॉल्टन याच्या देखरेखीखाली झालेला तुळशी तलाव १८७९ मध्ये पूर्ण झाला. कॉनिबेअरने आपल्या कामाचे वर्णन १८५८ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेपुढे मांडले. अभियांत्रिकी अहवाल हा या काळाने घडविलेला लेखनप्रकार आहे. त्यात अभियंता कर्ता म्हणून उभा राहतो, तर हात मात्र साधारणपणे संख्या आणि खर्च यांच्या रूपात येतात. खदरकीला जे मिळाले, ते विहारच्या पाथरवटाला मिळाले नाही.

कान्हेरीची नावे पुन्हा वाचण्याच्या कामातही एक अभियंता होता. एडवर्ड विल्यम वेस्ट (१८२४–१९०५) हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता. १८६० च्या दशकाच्या आरंभी त्याने कान्हेरीच्या लेखांच्या प्रती प्रसिद्ध केल्या. पुढे तेथील पहलवी लेखही त्याने वाचले. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये डोंगरावर आलेल्या पारशी मंडळींची नावे त्यांत आहेत. भाऊ दाजी, भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर यांनी हे वाचन पुढे नेले. शोभना गोखले यांनी सर्व लेखांचे एकत्रित संपादन करून ते १९९१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केले. कुतोच्या कथेतील राजा मागे सरला आणि बोधिक व खदरकि पुढे आले, ते या वाचनामुळे.

उद्यानातील नेमणुका

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय उद्यान म्हणून या वनाला संरक्षण मिळाले. १९८१ मध्ये त्याला आजचे नाव देण्यात आले. लेखांतील ‘कण्हसेल’ आणि ‘कृष्णगिरि’ यांपैकी दुसरे नाव ‘कृष्णगिरी उपवन’ या रूपाने उद्यानात जिवंत आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा यांमुळे येथील कोणतेही बांधकाम एका कार्यालयाच्या हाती राहिलेले नाही. वनविभाग, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि तलावांपुरती महानगरपालिका अशा यंत्रणांच्या अनुमतींतून ते जाते. नवकर्मिकाचे काम आता वास्तुविशारद, कार्यकारी अभियंता आणि कंत्राटदार यांच्यात विभागले आहे, आणि नेमणुकीचा दस्तऐवज म्हणजे निविदा. तीत मुदत आहे, दोषदायित्व आहे, रक्कम आहे. विनयाने घातलेली बहुतेक बंधने तीत आढळतात. फक्त काम पूर्ण झाल्यावर ती दप्तरात जाते, वास्तूवर येत नाही.

२०२२ मध्ये बुद्धपौर्णिमेला कान्हेरी येथे पर्यटकांसाठीच्या सुविधांचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय संस्कृती निधी आणि इंडियन ऑइल फाउंडेशन यांच्याशी पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलेल्या कराराचे ते फळ होते. नवी वास्तू न उभारता असलेल्या इमारतींचेच नूतनीकरण करण्यात आले. लेणी वनाच्या गाभाक्षेत्रात असल्याने तेथे वीज आणि पाणी यांचा पुरवठा नव्हता. म्हणून सौरऊर्जा, जनित्र आणि कूपनलिका यांची सोय करावी लागली. कातळावरचे पाणी अडवून शेकडो भिक्षूंची तहान भागविणाऱ्या टाक्यांच्या शेजारी, आणि महानगराला पाणी देणाऱ्या दोन तलावांच्या सान्निध्यात, पाण्यासाठी जमिनीत भोक पाडावे लागले. अशा स्थळी बांधकामाची योजना आखणाऱ्याला कान्हेरीचे लेख वाचता येणे ही पांडित्याची हौस ठरत नाही. ती कामाची पूर्वअट ठरते.

समारोप

एकाच डोंगरावरील बांधकामाने दानलेख, विनयकथा, आख्यायिका, अभियंत्याचा अहवाल आणि निविदा अशा पाच लेखनप्रकारांशी संबंध जोडला. यांपैकी दाता, देखरेख करणारा आणि हात चालविणारा या तिघांना एकाच मजकुरात जागा देणारा प्रकार फक्त पहिला आहे. त्याचे कारण केवळ धार्मिक औदार्य नव्हे. ज्याच्यावर काम सोपविले त्याचे नाव काम टिकेल तितका काळ कामावरच राहावे, अशी ती व्यवस्था होती. उद्यानातील वारली पाड्यांची घरे कुणी बांधली याची नोंद कोणत्याच प्रकारात नाही. अतिक्रमणाच्या प्रश्नावर १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश झाल्यानंतर वस्तीच्या हक्काचा प्रश्न लेखी पुराव्यावर तोलला जाऊ लागला, तेव्हा या नोंद नसण्याची किंमत दिसून आली. कुणाचे बांधकाम दस्तऐवजात येते आणि कुणाचे येत नाही, हा प्रश्न म्हणूनच कान्हेरीच्या दगडावर संपत नाही. प्राकृत लेखांतील श्रमवाचक शब्दांचा तौलनिक कोश तयार झाला, तर त्या प्रश्नाचा भाषिक इतिहास तरी मराठीच्या अभ्यासकाच्या हाती येईल.