गाडीच्या टपावरची तार

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागले की चिंचोळी एमआयडीसी येते. तिथल्या वळणावर घटकाभर उभे राहून जाणाऱ्या गाड्यांचे टप पाहावेत. जुन्या मोटारीच्या बॉनेटशेजारी ओढून लांब करायची चंदेरी दांडी असते. पोलिसांच्या गाडीवर ताठ छडी असते. नव्या मोटारीवर माशाच्या पराएवढा उंचवटा तेवढा दिसतो. कामे वेगवेगळी, पण सगळ्यांचे कूळ एकच. हवेतून येणारी लहर पकडायची आणि आत बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत पोहोचवायची.

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचे. तरी या तारेचा हिशेब मला कळला, कारण तो वृत्तातल्या मात्रांसारखा आहे. तीनशेला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. तिच्या चौथ्या हिश्शाएवढी दांडी असली की ती लहर चांगली पकडते. एफएमचे केंद्र 100 मेगाहर्ट्झच्या आसपास असेल तर लहर 3 मीटरची आणि दांडी 75 सेंटिमीटरची. पोलिसांचे संदेश 150 च्या आसपास असतील तर अर्ध्या मीटरची छडी पुरते. मात्र 1 मेगाहर्ट्झच्या मध्यम लहरीसाठी हाच हिशेब केला तर दांडी 75 मीटर उंच लागेल! ती गाडीवर कोण उभी करणार? म्हणून तिथे आखूड दांडीवर भागवायचे आणि उरलेले काम रेडिओच्या यंत्रावर सोपवायचे.

दांडीइतकेच महत्त्व तिच्या जागेला. टपाचा पत्रा हा दांडीचा दुसरा अर्धा भाग असतो. दांडी टपाच्या मधोमध बसवली तर चारही दिशांचे सारखे ऐकू येते. कोपऱ्यात बसवली तर ज्या बाजूला पत्रा जास्त, तिकडचे जास्त ऐकू येते. टपाला भोक पाडायचे नसेल तर लोहचुंबकाचे बूड चालते. भोक पाडलेच तर खालचा रंग खरवडून पत्रा उघडा करावा लागतो आणि वर रबरी वायसर घट्ट बसवावा लागतो. नाहीतर पहिल्याच पावसात पाणी तारेत शिरते.

आता थोडा इतिहास. हर्ट्झने 1880 च्या दशकात लहरी निर्माण केल्या त्या विजेच्या ठिणगीतून. पेट्रोलच्या इंजिनातही ठिणगीच उडते. म्हणजे प्रत्येक पेट्रोल गाडी हे एक छोटेसे, खरखरणारे प्रक्षेपण केंद्रच! गाडीतला रेडिओ आधी स्वतःच्याच इंजिनाचे ऐकत असे. ही खरखर दाबण्याची युक्ती साधल्यावरच मोटारीतला रेडिओ बाजारात चालला. अमेरिकेत गाल्विन बंधूंनी 1930 साली आणलेल्या अशा रेडिओचे नाव होते ‘मोटोरोला’. त्याच 1930 च्या मे महिन्यात आपल्या सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला होता. इथल्या बातम्या तेव्हा तोंडोतोंडी आणि चोरट्या पत्रकांवरून फिरत होत्या.

पुढे बारा वर्षांनी मुंबईत चोरट्या पत्रकांची जागा चोरट्या रेडिओने घेतली. ऑगस्ट 1942 मध्ये 42.34 मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे तरुण सोबती तो चालवत. राममनोहर लोहियांची त्यांना साथ होती. वर्तमानपत्रांना जे छापण्याची सोय नव्हती ते या रेडिओवरून सांगितले जाई. विदर्भातल्या आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची वार्ताही त्याने दिली.

त्याला पकडायला पोलिसांच्या शोधगाड्या मुंबईत फिरू लागल्या. 42.34 मीटरच्या लहरीला चौथ्या हिश्शाची दांडी लावायची तर ती साडेदहा मीटरची होईल. पण अशा गाडीला नुसते ऐकायचे नसते, आवाज कोणत्या बाजूने येतो ते ताडायचे असते. त्यासाठी दांडीऐवजी तारेची गोल चौकट लावतात. ती फिरवत गेले की आवाज वाढतो आणि उतरतो. चौकटीचे तोंड केंद्राकडे झाले की आवाज जवळजवळ बंद पडतो. मोठा आवाज नेमका कुठे सर्वांत मोठा, हे कानाला कळत नाही. तो कुठे बुडाला हे चटकन कळते. मग नकाशावर त्या दिशेची एक रेघ ओढायची. गाडी दुसरीकडे नेऊन दुसरी रेघ ओढायची. दोन रेघा छेदतील तिथे केंद्र! म्हणूनच काँग्रेस रेडिओवाले एका जागी टिकत नसत. बिऱ्हाड बदलावे तसे ते यंत्र उचलून नव्या जागी नेत.

12 नोव्हेंबर 1942 ला ते पकडले गेले. पण पथकातल्याच एका तंत्रज्ञाने पोलिसांना पत्ता दिला, असे उषा मेहतांनी पुढे सांगितले. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि 1946 मध्ये त्या येरवड्याच्या तुरुंगातून सुटल्या. भारत सरकारने 1998 मध्ये त्यांना पद्मविभूषण दिले. 2000 साली त्या गेल्या.

एक गोष्ट मला विचारात पाडते. कुणाच्या घरात चोरून ऐकल्या जाणाऱ्या रेडिओची तार आणि त्या आवाजाचा माग काढणाऱ्या गाडीवरची तार, दोन्ही तांब्याच्याच. लहरीला दोघींत भेद करता येत नाही. 1933 च्या वायरलेस कायद्याने बिनतारी यंत्र बाळगायलाही परवाना सक्तीचा केला. साधा रेडिओ ऐकायचा तर पोस्टात पैसे भरावे लागत, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. राज्यकर्त्यांना बोलणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याचीही धास्ती वाटते, हे त्या परवान्याच्या पुस्तकात लिहिलेले होते, फक्त वाचायला शिकावे लागत होते.