बैलगाडा घाट, अहिल्यानगर जिल्हा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिमेला, पुणे जिल्ह्याच्या शिवेला लागून असलेल्या पट्ट्यात गावजत्रेच्या निमित्ताने बैलगाडा शर्यती होतात. त्या ज्या मातीच्या चढावर धावतात त्याला ‘घाट’ म्हणतात. हा घाट म्हणजे वळणांचा डोंगररस्ता नव्हे. गावाबाहेरच्या माळावर, बहुधा देवळाच्या आसपास, जमिनीचा कल पाहून सरळ रेषेत काढलेली ती धाव असते. खाली सुटायची जागा, वर निशाण, मधे दाबून बसवलेला मुरूम आणि दोन्ही अंगांना माणसांची भिंत. जत्रा नसते तेव्हा त्याच माळावर शेरडे चरतात, आणि परक्या माणसाला इथे काही क्रीडांगण आहे याची शंकाही येत नाही.

१७,०४८ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. हरिश्चंद्रगडापासून निघालेली बालाघाटाची रांग अकोले, संगमनेर, पारनेर या भागांतून पुढे जाते. खडकाळ माळ आणि मुरमाड उतार इथे मुबलक आहेत. नांगराला नकोशी असलेली ही जमीन घाटाला मात्र नेमकी लागते.

महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतीची एकच रीत नाही. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे दोन बैलांचे छकडे गाडीवानासह एकमेकांच्या शेजारी धावतात. विदर्भात शंकरपट भरतो. अलिबागच्या बाजूला समुद्राच्या ओल्या वाळूवर गाड्या पळवतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि त्यांना लागून असलेला नगरचा पश्चिम पट्टा यांची रीत चार बैलांची आणि घड्याळाची आहे. इथे शेजारी प्रतिस्पर्धी नसतो. गाडा एकटा धावतो आणि त्याची झुंज सेकंदांशी असते.

एका गाड्याच्या एका धावेला ‘बारी’ म्हणतात. टोकनाने क्रम ठरतो आणि निवेदक भोंग्यावरून गाडामालकांची नावे पुकारत राहतो. बारी जुंपायला वेळ लागतो, धावायला लागत नाही. दोन बैल पुढे, दोन मागे. गाडा म्हणजे हलकी लाकडी चौकट आणि दोन चाके, त्यावर कोणी बसत नाही. एकेका बैलाला दोन-दोन गडी बिलगलेले असतात, कारण पुढे काय होणार हे बैलाला केव्हाच कळलेले असते. तो खुराने माती उकरतो, मान झटकतो, शेजारच्याला ढोसतो. सगळ्यांच्या पुढे घोडी उभी असते आणि तिच्यावर हलक्या अंगाचा स्वार. इशारा होतो, गडी बाजूला उड्या टाकतात, घोडी सुटते आणि चार बैल तिच्यामागे उधळतात. ‘भिर्रर्र’ची आरोळी खालून वर चढत जाते. भंडाऱ्याचा पिवळा धुरळा अजून हवेतच असतो आणि गाडा निशाणापार गेलेला असतो. चांगल्या बारीला अकरा-बारा सेकंद पुरतात.

निकालाची पद्धतही मुद्दाम सांगावी अशी आहे. ठरावीक सेकंदांच्या आत घाट चढलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात, त्याच्या पुढच्या सेकंदातले दुसऱ्या नंबरात, असे गट पडतात आणि बक्षिसाची रक्कम गटातल्या गाड्यांना वाटून दिली जाते. त्यामुळे एका दिवसात पहिल्या नंबराचे मानकरी अनेक असू शकतात. शर्यतीची फळी आधी फोडणाऱ्या गाड्याला ‘फळीफोड’चा मान मिळतो. सर्वांत कमी वेळ देणारा गाडा ‘घाटाचा राजा’. बक्षिसाच्या वाट्याला येणारी रक्कम चार बैलांच्या वर्षाच्या खुराकापुढे किरकोळच असते. तरी गाडामालक पुढच्या जत्रेला येतो, कारण भोंग्यावरून पुकारलेले नाव पंचक्रोशीत पोचते.

या पट्ट्यातले मोठे जत्रास्थान म्हणजे पारनेर तालुक्यातील पिंपळगाव रोठ्याचे कोरठण खंडोबा. पौष पौर्णिमेला इथली यात्रा भरते. गावोगावच्या काठ्या येतात, भंडारा उधळला जातो, आणि यात्रेला बैलगाड्यांची जोड असते. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात थापलिंगच्या खंडोबाची यात्राही त्याच पौर्णिमेची. खंडोबा हा धनगर-शेतकऱ्यांचा देव, आणि बैल या दोघांच्याही दारातला. म्हणून इथे शर्यत जत्रेचाच भाग होऊन बसली. पौषात सुरू झालेला हंगाम चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांपर्यंत चालतो.

धावणाऱ्या बैलांत खिल्लार जातीचा मान मोठा. उभट शिंगांचा, लांब पायांचा, तापट स्वभावाचा हा बैल मूळचा सोलापूर, सांगली, साताऱ्याकडचा. अकोल्याच्या डोंगरात डांगी ही वेगळी जात सांभाळली गेली. धो-धो पावसात भाताच्या चिखलात टिकणारे हे जनावर आहे, आणि राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. श्रीगोंद्यातील काष्टी, राहात्यातील लोणी आणि नेवाशातील घोडेगाव इथले जनावरांचे बाजार दूरवर माहीत आहेत. शेतात ट्रॅक्टर आल्यापासून खोंड सांभाळण्याचे कारण उरले नाही. शर्यतीने ते काही घरांत टिकवून धरले, हे मान्य करावे लागते.

याच शर्यतीत क्रौर्यही शिरले होते, हेही तितकेच खरे. शेपूट पिरगाळणे, टोचणे, मारणे, विजेचा झटका देणे, हे प्रकार ज्यांनी घडताना पाहिले त्यांना बंदीची मागणी अनाठायी वाटली नाही. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून बैलाचा समावेश खेळात वा प्रदर्शनात वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत केला. मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील शर्यतींवरची बंदी योग्य ठरवली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींनाही मनाई केली. जत्रा भरत राहिल्या, पण घाट ओस पडले.

२०१७ मध्ये राज्य विधिमंडळाने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली आणि प्रकरण पुन्हा दिल्लीला गेले. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली. १८ मे २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू आणि कर्नाटकाबरोबर महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरवला.

आता शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. धाव एक हजार मीटरपेक्षा लांब असता कामा नये, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी झालेली असली पाहिजे, आणि काठी, चाबूक, टोचणी यांना मनाई आहे. नियम मोडणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घाट पुन्हा बंद पडू नये असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी हे नियम सर्वांत आधी आणि सर्वांत कडक पाळावेत. शर्यतीचा खरा धनी बैल आहे, आणि न्यायालयाने दार उघडले ते त्याला त्रास होणार नाही या अटीवर.

मातीची धाव, छोटे गाव आणि हजारोंची गर्दी हा मेळ जगात इतरत्रही जमलेला दिसतो. रॅलीक्रॉस हा मोटारींचा खेळ ४ फेब्रुवारी १९६७ रोजी इंग्लंडमधील लिडनच्या मैदानावर दूरचित्रवाणीसाठी पहिल्यांदा खेळला गेला. अर्धा डांबरी, अर्धा मातीचा छोटा मार्ग आणि काही मिनिटांत संपणारी धाव हे त्याचे स्वरूप. फ्रान्समध्ये तो रुजला तो ब्रिटनी प्रांतातील लोएआक या खेड्यात. मिशेल ओमेल यांच्या पुढाकाराने तिथे १९७६ मध्ये मोटारी धावल्या, आणि २०१४ पासून जागतिक मालिकेची फेरीही तिथे होऊ लागली. काही शे वस्तीच्या त्या गावात शर्यतीच्या दिवसांत हजारोंनी लोक लोटतात. पारनेरच्या माणसाला हे चित्र परके वाटणार नाही. लोएआकने मात्र आपल्या धावेशेजारी मोटारींचे संग्रहालय उभारले आहे. घाटांच्या वाट्याला असे काही आलेले नाही, आणि ते यायला हवे.

मोटारींच्या धावेचे मार्ग नगरलाही आहेत. लष्कराच्या आणि इतर वाहनांची परीक्षा घेणाऱ्या संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन व विकास संस्थेचे चाचणीमार्ग इथे आहेत. पण चाचणीमार्गांवर प्रेक्षक नसतात. लोकांनी स्वतः वर्गणी काढून, मुरूम टाकून, पाणी मारून तयार केलेली धाव पाहायची तर घाटावरच जावे लागते.

जाणाऱ्याने पौष पौर्णिमेचा मुहूर्त धरून कोरठणला जावे, सकाळी लवकर पोचावे आणि कठड्याच्या आत मुळीच उतरू नये. मुले बरोबर असतील तर निशाणाच्या पलीकडच्या मोकळ्या जागेपासून त्यांना लांब ठेवावे. निशाणापाशी घड्याळ थांबते, बैल थांबत नाहीत.