'संशयित' माशीमार

नराचं डोकं आणि पोट लालभडक, डोळ्यांवरून गडद पट्टी; मादी तपकिरी, पोटाशी फिकट पिवळी. आकाराने चिमणीहून लहान. ठेंगण्या फांदीवर बसायचं, खाली किडा हलला की झेप घ्यायची, आणि परत फांदीवर. गालापागोसमधल्या सान क्रिस्तोबाल बेटावर हा माशीमार असाच जगला. आपल्याकडच्या माशीमारांशी त्याची सवय जुळते, कूळ मात्र पार वेगळं, अमेरिकेतलं.

डार्विनला घेऊन 'बीगल' जहाज सप्टेंबर १८३५ मध्ये या बेटावर आलं. त्या सफरीतले पक्षी लंडनमध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डच्या हाती गेले. १८३९ मध्ये त्याने या माशीमाराचं बारसं केलं: 'पायरोसेफॅलस ड्युबियस'. लॅटिनमध्ये 'ड्युबियस' म्हणजे संशयास्पद. पुढे पक्षितज्ज्ञांनी संशयाचा निकालच लावून टाकला आणि मुख्य भूमीवरच्या लाल माशीमाराची पोटजात म्हणून त्याला वहीत चढवलं.

इकडे बेट बदलत होतं. १८३२ मध्ये इक्वेडोरने गालापागोसवर हक्क सांगितला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मानुएल कोबोस याने सान क्रिस्तोबालच्या दमट डोंगरमाथ्यावर ऊस लावला, साखर कारखाना काढला. वसाहतीचं नाव 'एल प्रोग्रेसो', म्हणजे प्रगती! मजुरांत शिक्षा झालेले कैदीही होते. कोबोसचा जाच इतका, की १९०४ मध्ये मजुरांनीच त्याला ठार केलं. साफ केलेलं रान मात्र परत आलं नाही. शेती, गुरं, मागोमाग बाहेरून आलेल्या पेरूच्या जाळ्या. मोकळ्या जमिनीवर किडे टिपणाऱ्या पक्ष्याची शिकारीची जागाच आक्रसली.

त्यात एक परकी माशी आली, फिलॉर्निस डाउन्साय. ती स्वतः फुलाफळांवर जगते, पण अंडी घालते पक्ष्यांच्या घरट्यात. अळ्या रात्री पिल्लांचं रक्त पितात. माशीमाराच्या घरट्यात माशी, आणि तेव्हा इलाज काही नव्हता.

सान क्रिस्तोबालचा माशीमार शेवटचा दिसला १९८७ मध्ये. शेजारच्या सांता क्रूझवर त्याचा भाऊबंद अजून मोजक्या जोड्यांनी तग धरून आहे. तिथे झुडपं उपटून जमीन मोकळी करतात, घरट्याच्या तळाशी कीटकनाशक टोचतात.

२०१६ मध्ये संशोधकांनी शंभराहून अधिक वर्षं संग्रहालयात पडून असलेल्या नमुन्यांतला डीएनए तपासला. ड्युबियस ही स्वतंत्र जात निघाली. गूल्डनंतर १७७ वर्षांनी संशय फिटला. तोवर तो पक्षी खणातच उरला होता.